कोपरावरचं मीठ

पाऊस सरला आणि विरारच्या चंदनसारला ते ऊन आलं. दिवाळीच्या आधीचं, पाठ भाजणारं. शेजारीपाजारी कुरकुरतात, दुपारचे पडदे ओढून घेतात. मी मात्र खुर्ची मागच्या मोकळ्या जागेत नेतो आणि त्यात बसतो. वय झालं की ऊन सोसत नाही म्हणतात, पण माझं या उन्हाशी जुनं नातं आहे. जूचंद्रला आमचं मिठागर होतं तेव्हा घरातली सगळी माणसं याच उन्हाची वाट पाहायची. पावसानं बांध खचलेले असत. ते चिखल थापून पुन्हा उभे करायचे, खणांचा, म्हणजे मिठाच्या वाफ्यांचा, तळ पायांनी तुडवून तुडवून गुळगुळीत करायचा आणि मग उधाणाच्या भरतीला बांधाची उघाडी, म्हणजे पाण्याची झडप, वर काढून खाडीचं पाणी आत घ्यायचं. पुढचं काम उन्हाचं. पाणी एका खणातून दुसऱ्यात जाताना दाट होत जाई आणि एका सकाळी त्यावर साय धरल्यासारखं काहीतरी दिसे. तिथून मेपर्यंत घरात मिठाशिवाय दुसरा विषय नसे.

संध्याकाळी घरी आलो की आई दारातच अडवायची. आधी कोपरं धुवा म्हणायची. हात धुतले जातात, तोंड धुतलं जातं, कोपरावर मात्र मीठ वाळून पांढरं होऊन बसतं आणि ज्याचं त्याला दिसत नाही. मग ते अंथरुणाला लागतं. तिचं हे सांगणं मी पुढे विसरलो. मिठागर सुटलं, मी शाळेत कारकुनी केली, निवृत्त झालो. मिठागराच्या जागेवर आता इमारती आहेत. त्याचं मला फारसं दुःख नाही. मिठाचं काम कष्टाचं होतं आणि त्यात राहिलो असतो तर मुलगा शिकला नसता.

आज हे लिहायला बसलो त्याला कारण आहे. आमच्या बैठकीच्या खोलीत दहा फूट लांबीची काचेची टाकी आहे. तीन वर्षं ती कोरडी पडली होती. गेल्या आठवड्यात माझ्या मुलानं, हेमंतनं, ती पुन्हा भरायची ठरवलं. काच पुसताना तो म्हणाला की या वेळी पाइपांचं काम कुणालाही देऊ, सायमन सोडून. मी टाकीपाशीच उभा होतो. लाकडी चौकटीच्या कडेला जुनं मीठ पांढरं होऊन चिकटलेलं होतं. ते नखानं खरवडून मी जिभेवर ठेवलं. कडवट लागलं. त्या एका वाक्यावर मी काही बोललो नाही, आणि न बोलण्याची ती माझी पहिली वेळ नव्हती.

टाकीची कल्पना हेमंतची. त्याला माशांचं वेड लहानपणापासून. बाटलीत गप्पी मासे पाळण्यापासून सुरुवात झाली, ती या टाकीपर्यंत आली. दोन हजार लिटरच्या वर पाणी. एवढं वजन वरच्या मजल्याला झेपणार नाही म्हणून विरारला घर शोधताना त्यानं तळमजलाच बघितला. सूनबाई, मनीषा, तेव्हा म्हणाली होती की लोक देवळाजवळ घर घेतात, स्टेशनजवळ घेतात, आम्ही माशांच्या सोयीनं घेतलं. नुसते मासे ठेवायचे नव्हते. समुद्राच्या तळाचा एक तुकडा घरात उभा करायचा होता. सच्छिद्र दगड, त्यावर वाढणारी प्रवाळं, गोगलगायी, कोळंब्या, आणि त्यांच्यात फिरणारे मासे. खाली लोखंडी घोडी, घोडीच्या पोटात दुसरी लहान टाकी. वरचं पाणी खाली यायचं, गाळून, फेस काढून, पंपानं पुन्हा वर जायचं.

हे सगळं उभं केलं सायमननं. तो वसईच्या पश्चिमेचा, वाडीतला माणूस. वय तेव्हा चाळिशीच्या पुढे. घरची केळी, मोगरा, विड्याची पानं. आणि स्वतःचा उद्योग म्हणजे लोकांच्या घरी अशा खाऱ्या पाण्याच्या टाक्या बसवून देणं. हेमंतशी त्याची मैत्री टाकीच्या आधीची. टाकीतच वाढवलेल्या प्रवाळाचे बारके तुकडे तो दगडावर चिकटवायचा, तेव्हा त्याचे हात कलम बांधणाऱ्याचे वाटत. बाप आंब्याची कलमं बांधायचा, मी ही प्रवाळांची बांधतो, असं तो म्हणे. बोलायला मोकळा. मला काका म्हणायचा आणि मिठागराविषयी विचारायचा. घरात तसं विचारणारा तो एकटाच होता.

पहिल्यांदा पाणी तयार करायचं ठरलं, तेव्हा पिंपातल्या शुद्ध पाण्यात घालायला मीठ आलं. परदेशी, पिशव्यांतून. मी ते बोटावर घेऊन पाहिलं आणि मला हसू आलं. माझ्या बापानं आयुष्यभर मीठ काढलं आणि त्याचा नातू मीठ विकत आणून समुद्र कालवत होता. मनीषा म्हणाली, "घरात दहा फुटांचा समुद्र आणि बाबांची तक्रार की भाजीत मीठ कमी." जूचंद्रहून भाऊबंद टाकी बघायला आले. त्यांनी एकेक मासा नीट निरखला आणि यातला तळायला कुठला बरा, एवढंच विचारलं. हेमंतनं त्यांना प्रवाळ म्हणजे दगड नाही, जिवंत प्राणी आहे, हे समजावून सांगितलं. माझा चुलतभाऊ ऐकून घेऊन म्हणाला, "मंग त्याला खायला काय घालतंव?" तो प्रश्न मात्र बरोबर होता.

आता गडव्याविषयी सांगायला हवं. गडवा म्हणजे लहान तांब्या, आमचा तांब्याचाच होता. हंगामाच्या पहिल्या भरतीच्या आदल्या दिवशी आई तो चिंच लावून घासायची. बाप तो उघाडीच्या तोंडाशी चिखलात तोंड वर करून पुरायचा. पाणी आत शिरताना आधी त्यात भरायचं. "पयला पानी गडव्यान. मंग आपला," असं म्हणून तो बाजूला उभा राहायचा आणि गडवा बुडेपर्यंत कुणी पाऊल हलवायचं नाही. हंगाम संपेपर्यंत गडवा तिथेच. आजूबाजूच्या मिठागरांवर कुणी नारळ वाहत, कुणी काही. आमच्या घरची ही रीत. मिठागर सोडलं त्या दिवशी बापानं गडवा चिखलातून काढला आणि माझ्या हातात दिला.

टाकीत पहिलं पाणी सोडायच्या दिवशी मी तो गडवा घेऊन उभा होतो. हेमंत घाईत होता. बाबा, आत धातू नको, अंगठीसुद्धा काढून हात घालायचा, असं तो म्हणाला. त्यानं सांगितलं होतं, स्पष्ट सांगितलं होतं. हे मी आज मुद्दाम लिहितो, कारण मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला ठेवायची नाही. मी ते ऐकलं आणि मनात म्हणालो की गंजाची भीती असेल, लोखंडाची. तांब्याचा गडवा पन्नास हंगाम खाऱ्या पाण्यात राहिला, मिठाचं काय वाईट झालं? गडवा मी कपाटात ठेवून दिला. नळी सुरू झाली आणि पाणी कुठल्याही भांड्यात न पडता थेट काचेवर पडलं.

मग विघ्नं सुरू झाली. पहिल्या आठवड्यात मागचा सांधा पाझरू लागला. सगळं पाणी काढा, वाळवा, पुन्हा चिकटवा. नंतर दगडांवर तपकिरी शेवाळ आलं, ते गेलं तर हिरवं आलं. वीज गेली आणि पंप बंद पडले. सायमन पावसात भिजत स्वतःच्या घरचा इन्व्हर्टर घेऊन आला. एक महागडा पिवळा मासा उडी मारून बाहेर पडला, तो सोफ्याखाली वाळलेला मिळाला. हेमंत खचायचा. सायमन म्हणायचा की समुद्र एका हंगामात होत नाही, थांबायला शिक. मी खुर्चीत बसून दोघांचं ऐकायचो, आणि प्रत्येक विघ्नाला माझ्याजवळ एकच उत्तर असायचं. ते मी कुणाला सांगत नव्हतो.

माघ-फाल्गुनात मात्र टाकी लागली. लागली हा आमचा मिठागराचा शब्द; खणात मीठ धरू लागलं की मिठागर लागलं म्हणत. दुपारी दिवे पेटले की प्रवाळं हळूहळू उघडत. काही मशरूमसारखी, काहींना बोटांसारखे बारीक हात, पाण्याच्या झोतात सगळे एका दिशेला हलणारे. मी जेवणानंतर झोपणं सोडून समोर बसायला लागलो. गोगलगायी काचेवरून चढायच्या, त्यांच्या मागे स्वच्छ रेघ राहायची. लाल पट्ट्यांची एक कोळंबी होती. मनीषा हात घालून साफसफाई करू लागली की ती येऊन तिच्या बोटांवर बसे आणि नखं कोरून काढी. मनीषा तिला पार्लरवाली म्हणायची. ते दोन महिने घरात सगळे हळू बोलत.

चैत्र लागला आणि उन्हाळा वाढला. पाणी गार ठेवायला यंत्र हवं झालं, त्याला चिलर म्हणतात. नवा परवडेना, म्हणून सायमननं वापरलेला पण चांगला पाहून आणला, आतली नळी टायटॅनियमची आहे, खाऱ्या पाण्याला चालते, अशी खात्री दिली आणि दुपारभर बसून जोडला. त्याच आठवड्यात, सगळं इतकं छान चाललेलं पाहून, मला वाटलं की आता देणं द्यावं. मोडण्याच्या आधी. घरात कुणी नव्हतं. गडवा चिंच लावून घासला, लखलखीत केला आणि घोडीच्या दारातून हात घालून खालच्या टाकीत, पाणी जिथे वरून येऊन पडतं तिथे, जाळीच्या मागे तोंड वर करून ठेवला. पाणी त्यात भरलं. मी बापासारखा बाजूला उभा राहिलो. मला त्या वेळी फार बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

पाचव्या-सहाव्या दिवशी मनीषाला गोगलगायी तळाला उताण्या पडलेल्या दिसल्या. मग पार्लरवाली दिसेना. दुसऱ्या दिवशी तिची साल आणि ती, दोन्ही वेगवेगळी मिळाली. प्रवाळं उघडायची थांबली. आधी आखडली, मग त्यांच्यावरून बुळबुळीत काहीतरी सुटू लागलं आणि खाली पांढरे सांगाडे दिसायला लागले. खोलीला खाडीच्या ओहोटीचा वास आला. मासे मात्र ठीक होते, आणि सायमन त्यामुळेच चक्रावला. फोनवर त्यानंच सांगितलं की तांब्याची चाचणी कर. मासे राहतात आणि बाकीचे मरतात म्हणजे तांबं असू शकतं.

हेमंतनं काचेच्या लहान नळीत थेंब घातले. पाण्याला रंग चढला. तो फोनवर म्हणाला, "तांबं आहे. भरपूर आहे." मी खुर्चीत होतो. तो बदलायचं पाणी आणायला गाडी घेऊन गेला, मनीषा ती शिकवते त्या शाळेतून यायची होती. मी घोडीचं दार उघडलं, कोपरापर्यंत हात घातला आणि गडवा बाहेर काढला. लखलखीत ठेवलेला गडवा काळपट झाला होता, बुडाशी हिरवा. तो पुसून कपाटात धोतरांच्या खाली ठेवला. हात धुतला. पुन्हा खुर्चीत येऊन बसलो.

चारच्या सुमारास सायमन आला. गुडघ्यावर बसून त्यानं एकेक सांधा तपासला, खालच्या टाकीत विजेरी मारून हात फिरवला, जाळीच्या मागेही. सगळं प्लास्टिकचं. हेमंत मागे उभा राहून एकच विचारत होता, की या महिन्यात नवीन काय जोडलं? चिलर सोडून काय जोडलं? सायमन उठला आणि माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला.

"काका, तुमच्याकडून काही पडलं का आत? नाणं, चावी, काहीही. कोणी रागावणार नाही."

"नाही," मी म्हणालो.

तो माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिला. मग मान हलवून उठला.

चिलर त्याच दिवशी काढला. पाणी बदललं, कोळशाच्या पिशव्या सोडल्या, तांबं उतरत गेलं. चिलर गेला आणि तांबं गेलं, यापेक्षा आणखी पुरावा कुणाला हवा असतो? हेमंतनं टाक्या ठेवणाऱ्यांच्या फोनवरच्या गटात सगळं सविस्तर लिहिलं, सायमनच्या नावासकट. जुना माल खपवतो, असं लिहिलं. विरार-वसईत असं काम करून घेणारे थोडेच. एका दवाखान्याच्या दर्शनी भागात मोठी टाकी बसवायचं काम त्याच्याकडे आलं होतं, ते गेलं. मग बाकीचीही गेली.

दोन आठवड्यांनी एका दुपारी दाराची घंटा वाजली. मी एकटाच होतो. सायमननं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातात दिलं. चिलर त्यानं घरी नेऊन कापला होता. आतल्या नळीचा तुकडा होता तो, करड्या रंगाचा. "काका, हेमंतला एवढं दाखवा. तो माझा फोन उचलत नाही." देतो म्हणालो. पाणी विचारलं, तो नको म्हणाला. तो तुकडा मी गडव्याशेजारी ठेवला. खोटं बोललो ते घाबरून, एका क्षणात. त्याबद्दल मी स्वतःची काही समजूत घालू शकतो. या दुसऱ्या गोष्टीबद्दल घालता येत नाही. कपाट मी रोज उघडत होतो. धोतरं रोज काढत होतो.

हेमंतनं मासे देऊन टाकले, टाकी रिकामी केली. तीन वर्षं त्या काचेत आम्हाला आमचीच खोली दिसली. कधी त्यात नातेवाइकांच्या बॅगा ठेवल्या, कधी वाळत घातलेले पापड. मी मरेन आणि कपाट आवरताना कुणालातरी त्या दोन वस्तू शेजारी शेजारी मिळतील, त्यांचा अर्थ कुणाला लागणार नाही, असं मला वाटायचं. त्या वाटण्यात सुटका होती हेही मला कळत होतं.

पण हेमंतनं ‘सायमन सोडून’ म्हटलं आणि त्याच्या तिसऱ्या दिवशी, रविवारी, जेवणं झाल्यावर मी गडवा आणि तो नळीचा तुकडा टेबलावर ठेवला आणि वर लिहिलं तेवढं सांगितलं. हेमंतनं आधी तुकडा उचलला. सुरीनं खरवडून पाहिला. तांबूस रंग आला नाही.

"हे कधीचं?"

"त्याच मे महिन्यातलं."

"मी तुम्हाला सांगितलं होतं, धातू नको म्हणून."

"सांगितलं होतंस."

त्यानं गडवा हातात घेऊन आत पाहिलं, जणू तळाशी काही असेल. मग म्हणाला, "मी त्याला एकट्याला काय काय लिहिलं होतं, ठाऊक आहे तुम्हाला?" मला ठाऊक नव्हतं. तो उठला, फडकं घेतलं आणि आधीच स्वच्छ असलेली काच पुसत राहिला. मनीषा ताटं उचलता उचलता थांबली. "शेवटच्या दिवशी मी सायमनला चहासुद्धा विचारला नाही," एवढंच ती बोलली. तेव्हापासून हेमंत माझ्याशी कामापुरतं बोलतो. ते योग्य आहे.

काल मी सायमनकडे गेलो. हेमंत म्हणाला, तुम्ही आधी जा, माझं जाणं वेगळं आहे. रिक्षा वाडीच्या तोंडाशी सोडली आणि केळींमधून चालत गेलो. तो विहिरीवर पंप उघडून बसला होता. आता हेच करतो, लोकांचे पंप दुरुस्त करतो. केस पांढरे झालेत. त्यानं मला बसायला पाट दाखवला. मी पिशवीतून गडवा काढून मध्ये ठेवला आणि सांगायला लागलो. त्यानं मध्येच हात वर केला.

"काका, त्या दिवशी तुमची कोपरं धुवायची राहिली होती. उजव्या कोपरावर मीठ होतं."

मी विचारलं की मग बोलला का नाहीस.

"बापासमोर मुलाला सांगू? वाटलं तुम्ही बोलाल. नळी कापून आणली ती हेमंतसाठी नाही आणली. तुमच्यासाठी आणली." मग हातातला पाना पुसत म्हणाला, "थांबलो थोडं. मग थांबायचं सोडलं."

मी काय करू म्हणून विचारलं. त्यानं विचार केला. मला सांगून काय उपयोग, मला माहीतच होतं, असं म्हणाला. ज्यांनी तेव्हा ऐकलं त्यांना ऐकू जाईल असं काहीतरी करा. म्हणून हा लेख. टाकी उभी करणाऱ्याचं नाव सायमन. त्यानं जोडलेल्या चिलरात दोष नव्हता. तांबं माझ्या गडव्याचं होतं, आणि धातू नको असं मला सांगितलेलं असूनही तो मी आत ठेवला होता. हेमंत हे गटात टाकणार आहे. त्यानं तसं कबूल केलंय.

टाकीचं काम करायला येशील का, हे मी विचारलं नाही. त्यानंही ते काढलं नाही. निघताना त्यानं गडवा उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि चांगला जड आहे म्हणाला. पोहऱ्यानं विहिरीचं पाणी काढून तो विसळला, पुन्हा भरला आणि माझ्यापुढे धरला.

"गोड्या पाण्याला चालतं तांबं. प्या. ऊन आहे."

समुद्राचं पाणी जमिनीखाली शिरल्यापासून त्या पट्ट्यातल्या विहिरी बदलल्या आहेत. पाणी मचूळ होतं. मी गडवा खाली ठेवला नाही. सगळं प्यायलो.